झडतीची सीमा

कलकत्त्यास नव्याने बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला येथील बंगाली स्नेही एक गोष्ट हटकून ऐकवतात, आणि ती ऐकवताना त्यांच्या मुद्रेवर थोडे मिस्किल हसू असते. इ. स. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा भयभीत झालेल्या कलकत्तेकरांनी नवाब अलिवर्दीखानाची परवानगी घेऊन शहराभोवती एक खंदक खणावयास घेतला. त्याचे नावच मुळी ‘मराठा खंदक’ पडले. मराठे कलकत्त्यावर चालून आलेच नाहीत. खंदक अपुराच राहिला. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा बराच भाग बुजवून त्या जागी सर्क्युलर रोड नावाचा रुंद रस्ता बांधण्यात आला. आज त्या रस्त्याच्या एका भागास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे आणि दुसऱ्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. हे दोन भाग जेथे एकमेकांस मिळतात, तेथेच सियालदहचे रेल्वे स्थानक उभे आहे.

आपल्या पूर्वजांच्या भीतीने खणलेल्या सीमेवर आपण आज निर्धास्तपणे ट्राममधून व मोटारीतून हिंडतो, यात इतिहासाचा थोडा विनोद आहे. पण सियालदहच्या इतिहासात दुसरीही एक सीमा आहे. ती खंदकासारखी बुजवता आली नाही, आणि तिच्याविषयी बोलताना कोणाच्या चेहऱ्यावर हसू येत नाही. १९४७ नंतरच्या अठरा वर्षांत याच स्थानकावर उतरलेल्या लक्षावधी माणसांनी वाटेत कोठे तरी आपली ट्रंक उघडून एका सरकारी माणसासमोर ठेवली होती. सीमेवर उघडल्या जाणाऱ्या त्या ट्रंकेचा, आणि आज त्याच ठिकाणी मागितल्या जाणाऱ्या खिशातील दूरध्वनियंत्राचा, संबंध काय, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

‘झडती’ हा आपला शब्द ‘झाडणे’ या धातूपासून आलेला आहे. अंगावरचे वस्त्र झाडून दाखवावे, म्हणजे त्यात काही दडवलेले असेल तर खाली पडेल, इतका साधा व्यवहार त्यात आहे. झडती वस्तूची असते. वस्त्र झाडून मनातील विचार खाली पडत नाहीत. शब्दाची ही मर्यादा जुन्या राज्यकर्त्यांना पुरेशी होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष आहे. तो नगरद्वाराजवळ शुल्कशाला उभारतो व व्यापाऱ्याच्या मालावरील मुद्रा तपासतो. त्याच ग्रंथात मुद्राध्यक्ष आहे. तो एक माष घेऊन प्रवाशाला मुद्रा, म्हणजे परवाना, देतो, आणि जो परवान्यावाचून जनपदात शिरेल त्याला बारा पण दंड सांगितला आहे. माल कोणता आणि माणूस कोण, एवढे दोनच प्रश्न हे अधिकारी विचारीत.

झडती कोणाची व्हावी याइतकाच ती कोणाची होऊ नये हा प्रश्नही बंगालमध्ये एकदा राज्य उलथण्यास कारण झाला. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला जकातमाफीचे फर्मान दिले. कंपनीच्या मालाबरोबर ‘दस्तक’ असे आणि दस्तक दाखविले की चौकीवरील अंमलदाराने हात आवरावयाचा, असा नियम होता. कंपनीच्या नोकरांनी हेच दस्तक आपल्या खाजगी व्यापारासाठी वापरले, आणि पुढे ते देशी हस्तकांनाही मिळू लागले. गोऱ्याच्या नौकेला चौकी नाही व देशी व्यापाऱ्याच्या बैलगाडीला मात्र प्रत्येक चौकी, अशी स्थिती झाली. नवाब मीर कासीमने गाऱ्हाणी मांडून पाहिली व अखेर १७६३ मध्ये सर्वांचीच जकात माफ करून टाकली. सगळ्यांना सारखे वागविणारा हा हुकूम कंपनीला मानवला नाही. त्यातून युद्ध पेटले व १७६४ च्या बक्सारच्या लढाईने बंगालचे भवितव्य ठरले. नियम सर्वांना सारखा नसेल तर झडतीइतकी अपमानास्पद गोष्ट दुसरी नाही, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

इंग्रजांचे राज्य स्थिर झाल्यावर सीमेवरील झडतीला कायद्याचे रीतसर रूप आले. १८७८ चा सागरी जकातीचा कायदा हा त्याचा मुख्य आधार. तो परकीय सत्तेने केलेला असला तरी त्यातील काही कलमे आज वाचताना माणूस थबकतो. अधिकाऱ्यास सकारण संशय असेल तरच प्रवाशाच्या अंगाची झडती घेता येई. आणि झडती घेण्यापूर्वी आपल्याला जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर अथवा जकातीच्या कलेक्टरसमोर नेण्यात यावे, असे प्रवाशाला म्हणता येत असे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, असे बंधन होते. चोरटा माल एखाद्या घरात लपविला आहे असे वाटल्यास कलेक्टरने न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा व त्याच्याकडून झडतीचे वॉरंट मिळवावे, अशी तरतूद होती. झडती घेणारा आणि देणारा या दोघांखेरीज एका तिसऱ्या डोळ्याची गरज असते, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले होते.

परंतु त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात एक वेगळेच बीज होते. सरकारला वाटेल त्या प्रकारच्या मालाची आयात अधिसूचना काढून थांबविण्याचा अधिकार त्यात होता, आणि पुस्तक हाही एक मालच! विनायक दामोदर सावरकरांनी १८५७ च्या उठावावर मूळ मराठीत लिहिलेल्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९०९ साली युरोपात छापले गेले. ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच हिंदुस्थानात त्याला बंदी झाली होती. मग त्या ग्रंथाच्या प्रती दुसऱ्याच निरुपद्रवी कादंबऱ्यांची वेष्टने घालून बंदरांतून आत आल्या, असे सांगतात. म्हणजे जकातीचा शिपाई आता सोन्याची लगड शोधीत नव्हता. तो वाक्ये शोधीत होता. बंदराबाहेर, देशाच्या आतही, हेच चालले होते. कोकणातून बंगालमध्ये स्थायिक झालेल्या घराण्यातील सखाराम गणेश देउस्कर यांनी बंगालीत लिहिलेले ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले, स्वदेशी चळवळीच्या काळात घरोघरी वाचले गेले, आणि १९१० मध्ये सरकारने त्याच्यावर बंदी घातली. एक मराठी माणूस बंगालीत लिहितो, दुसऱ्याचा मराठी ग्रंथ इंग्रजीत जाऊन परदेशातून येतो, आणि दोघांच्याही शब्दांमागे सरकारचा हात धावतो! मालाची झडती मतांच्या झडतीत किती सहज उतरते, ते या दोन उदाहरणांवरून दिसते.

स्वराज्य आल्यावर हे बीज जळून गेले असे मात्र म्हणता येत नाही. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये सलमान रश्दी यांच्या एका कादंबरीची आयात थांबविण्यासाठी सीमाशुल्काच्याच कायद्याखाली अधिसूचना काढण्यात आली. पुढे ती अधिसूचना न्यायालयात दाखल करण्याची वेळ आली, तेव्हा कोणत्याही कचेरीला ती सापडेना. अखेर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, ती अस्तित्वातच नाही असे धरून चालण्यावाचून गत्यंतर नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाला म्हणावे लागले. छत्तीस वर्षे अधिकारी ज्या कागदाचा अंमल करीत होते, तो कागदच कोणी दाखवू शकला नाही. दप्तर सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट केवळ गंमत म्हणून वाचून सोडून देण्यासारखी नाही.

आता पुन्हा सियालदहकडे वळू. १८६२ मध्ये येथून पूर्व बंगालच्या दिशेने लोहमार्ग सुरू झाला. गोआलंदोची बोट गाठणारे व्यापारी, ढाक्याचे वकील, बारिसालचे विद्यार्थी, दार्जिलिंगला निघालेले साहेबलोक, या सर्वांचे हे प्रस्थानस्थान. राणाघाटपलीकडे दर्शना लागते, की बनगावपलीकडे बेनापोल, याचे कोणाला अगत्य नव्हते. ती केवळ गाडी थांबण्याची ठिकाणे होती. १९४७ च्या ऑगस्टमध्ये या दोन्ही मार्गांवर रॅडक्लिफची रेषा पडली. तरीही काही महिने माल व माणसे पूर्ववत जात-येत राहिली. १ मार्च १९४८ पासून मात्र जकातीच्या दृष्टीने दोन्ही देश एकमेकांना परके झाले, आणि भूसीमेवरील जकातीचा १९२४ चा कायदा ज्या गावांनी कधी ऐकलाही नव्हता तेथे तो लागू झाला. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले व पाकिस्तानने केले नाही. तेव्हा ताग, सुपारी, सोने आणि खुद्द नोटा यांची चोरटी ने-आण ही दोन्ही बाजूंची डोकेदुखी झाली. सीमेवरील अधिकाऱ्याचा संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

पण त्या संशयाच्या चाळणीतून जात कोण होते? १९५० च्या आरंभी पूर्व बंगालमध्ये दंगली उसळल्या आणि सियालदहचे फलाट निर्वासितांनी भरून गेले. कित्येक कुटुंबांनी तेथेच महिनोन् महिने काढले. सातपुड्यांचे घर सोडून निघालेल्या कुटुंबाच्या ट्रंकेत काय असते? सुनेचे दागिने, जमिनीचे खरेदीखत, देव्हाऱ्यातील शाळिग्राम, मुलाचे परीक्षेचे प्रमाणपत्र, वडिलांची पत्रे. सरकारी भाषेत यांतील प्रत्येक गोष्टीला ‘चीजवस्तू’ हा एकच शब्द आहे. पण ती ट्रंक अनोळखी माणसांपुढे जमिनीवर ओतली जाते, तेव्हा त्या चीजवस्तूंबरोबर त्या घराची अब्रूही जमिनीवर येते.

हे केवळ निर्वासितांचे गाऱ्हाणे होते असे समजण्याचे कारण नाही; दोन्ही सरकारांनी ते लेखी मान्य केले आहे. ८ एप्रिल १९५० रोजी दिल्लीत नेहरू आणि लियाकत अली यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्यातील स्थलांतरितांविषयीची कलमे काळजीपूर्वक वाचावीत. स्थलांतर करणाऱ्यास आपले सामान हवे तेवढे बरोबर नेता येईल. त्यात वैयक्तिक दागिने धरले जातील. प्रत्येक प्रौढास १५० रुपये व प्रत्येक मुलास ७५ रुपये रोख नेता येतील. जे दागिने वा रोकड बरोबर नेणे नको असेल, ते बँकेत ठेवून पावती घेता येईल. आणि पुढे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे, की जकातीच्या अधिकाऱ्यांकडून कोणासही छळ होऊ नये. आणि याची खात्री व्हावी म्हणून उभयमान्य अशा प्रत्येक जकातनाक्यावर दुसऱ्या सरकारचा संपर्काधिकारी नेमला जाईल.

हे शेवटचे कलम विलक्षण आहे. दोन सार्वभौम राष्ट्रे, ज्यांचा परस्परांवर काडीचाही विश्वास नव्हता, ती आपल्या नाक्यावर दुसऱ्याचा माणूस उभा करण्यास तयार झाली. का? कारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या सद्भावनेवर सर्वस्वी विसंबणे बरे नव्हे, हे दोघांनाही कळले होते. हा करार व्यवहारात कितपत पाळला गेला, हा निराळा विषय. निर्वासितांचा ओघ पुढेही थांबला नाही, हे सर्वश्रुत आहे. परंतु तिसऱ्या डोळ्याचे तत्त्व त्यात पुन्हा एकदा लिहिले गेले, एवढे मात्र निश्चित.

१५ ऑक्टोबर १९५२ पासून या सीमेवर पासपोर्ट व व्हिसा लागू झाले. ते लागू होण्यापूर्वी पलीकडे अडकून पडू नये म्हणून सियालदहवर पुन्हा गर्दी लोटली. कौटिल्याचा मुद्राध्यक्ष आता शुल्काध्यक्षाशेजारी येऊन बसला. तरीही ईस्ट बेंगॉल मेल, ईस्ट बेंगॉल एक्सप्रेस आणि बारिसाल एक्सप्रेस या गाड्या धावत होत्या, सीमेवर थांबत होत्या, आणि ट्रंका उघडल्या जात होत्या. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध झाले व त्या कायमच्या बंद पडल्या. पुढे १४ एप्रिल २००८ रोजी मैत्री एक्सप्रेस सुरू झाली ती सियालदहहून नव्हे, तर चितपूरच्या कलकत्ता स्थानकाहून. प्रथम गेदे व दर्शना येथे प्रवाशांना सामानासह उतरावे लागे, व तपासणीत तासन् तास जात. २०१७ च्या नोव्हेंबरपासून ही तपासणी दोन्ही टोकांच्या स्थानकांतच होऊ लागली. २०२४ च्या जुलैमध्ये बांगलादेशातील अशांततेमुळे तीही गाडी थांबली.

इतिहासाचा हा धागा येथे ठेवून दुसरा उचलला पाहिजे. सियालदहच्या फलाटावर जेव्हा हे घडत होते, त्याच सुमारास दिल्लीत आपली राज्यघटना लिहिली जात होती. ३० एप्रिल १९४७ रोजी बंगालचे कम्युनिस्ट सभासद सोमनाथ लाहिरी यांनी सुचविले, की पत्रव्यवहाराची गुप्तता हा मूलभूत हक्क असावा व कायद्याने सांगितलेल्या प्रसंगीच तिचा भंग करता यावा. पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली, की नागरिकांची शरीरे, घरे, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, आणि सबळ कारण व नेमके वर्णन असल्यावाचून वॉरंट निघू नये. डॉ. आंबेडकरांनी ही दुरुस्ती मान्य केली. असे नियम फौजदारी कायद्यात आहेतच, पण उद्याचे विधिमंडळ ते रद्द करू शकेल. व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते इतके महत्त्वाचे आहेत की विधिमंडळाच्या हाती ते न राहिलेले बरे, असे त्यांचे मत पडले. तरीसुद्धा सभागृहात मतभेद झाले, मतदान लांबणीवर पडले, आणि अखेर ती तरतूद घटनेत आली नाही. एक बंगालचा व एक वऱ्हाडचा, अशा दोन प्रतिनिधींनी मागितलेली गोष्ट राहून गेली.

तिचे परिणाम दिसण्यास वेळ लागला नाही. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितले, की अमेरिकेच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद आपल्या घटनाकारांनी केलेली नाही, तेव्हा ती ओढूनताणून आणण्याचे कारण नाही. १९६२ मध्ये नवा सीमाशुल्क अधिनियम झाला. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर वा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करण्याचा हक्क त्यात राहिला; पंच राहिले; स्त्रीविषयीचे बंधनही राहिले. पण घराच्या झडतीसाठी परकीय सरकारने ज्या न्यायदंडाधिकाऱ्याचे वॉरंट आवश्यक मानले होते, तो न्यायदंडाधिकारी स्वदेशी कायद्यातून गेला. खात्याच्याच सहायक कलेक्टरचा विश्वास आता पुरेसा ठरला. त्यानंतर १९६८ मध्ये रमेशचंद्र मेहता यांचा खटला निकालात निघाला. त्याची सुरुवात कलकत्त्याच्या विमानतळावर हिरे सापडण्यापासून झाली होती. सीमाशुल्क अधिकारी हा पोलीस अधिकारी नव्हे, आणि त्याच्यासमोर जबाब देणारा माणूस त्या घटकेला ‘आरोपी’ नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पोलिसापुढील कबुलीजबाबाविरुद्ध सामान्य माणसाला जे संरक्षण आहे, ते नाक्यावरील मेजापुढे उरले नाही. तिसरा डोळा, म्हणजे, एकेक पापणी करीत मिटत गेला.

यावर कोणी म्हणेल, की यात एवढे बिघडले काय? सीमा ही सीमा आहे. सोन्याची चोरटी आयात, अमली पदार्थ, बनावट नोटा यांना अडविण्याची जागा तीच. प्रत्येक पेटीसाठी न्यायाधीश शोधत बसलो तर गाडी सुटेल कधी? या युक्तिवादात तथ्य आहे, आणि पेटीपुरते ते मान्यच केले पाहिजे. पेटीत मावेल तेवढेच तीत असते. प्रवाशाने स्वतः निवडून भरलेले असते. आणि तपासून झाल्यावर झाकण लागते. पण आज प्रवाशाच्या खिशात जे यंत्र असते त्याला यांतील एकही गोष्ट लागू नाही. त्यात दहा वर्षांची पत्रे आहेत, आजारपणाचे अहवाल आहेत, बँकेचे व्यवहार आहेत, मुलांची छायाचित्रे आहेत, तो कोठे कोठे गेला याची नोंद आहे. आणि ज्यांनी कधी सीमा ओलांडली नाही अशा शेकडो इतर माणसांचे शब्दही आहेत. शिवाय त्याची प्रत काढून घेतली की झडती संपतच नाही. प्रवासी घरी पोहोचतो, त्याची ट्रंक मात्र नाक्यावरच उघडी राहते. १९६२ च्या कायद्याचे शब्द ‘जप्तीस पात्र माल व त्यासंबंधीचे दस्तऐवज’ असे आहेत. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बीजके व हुंड्या होत्या. माणसाचे सबंध खाजगी आयुष्य ‘दस्तऐवज’ या एका शब्दात सामावेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

हा पेच एकट्या भारताचा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली खटल्यात एकमताने ठरविले, की अटक केलेल्या माणसाचाही फोन वॉरंटवाचून चाळता येणार नाही. सीमेवर मात्र तेथे जुना अपवाद चालतोच, आणि तो कितपत चालावा याविषयी तेथील निरनिराळ्या न्यायालयांत एकवाक्यता नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात तेथील सीमारक्षकांनी सुमारे ४७,००० प्रवाशांची यंत्रे तपासली. एकूण प्रवाशांच्या मानाने हा आकडा अगदी अल्प, हे खरे. पण ज्याचे यंत्र उघडले गेले त्याला टक्केवारीने समाधान मिळत नाही. इंग्लंडमध्ये १८ ऑगस्ट २०१३ रोजी हीथ्रो विमानतळावर डेव्हिड मिरांडा या पत्रकाराच्या सहकाऱ्यास दहशतवादविरोधी कायद्याखाली सुमारे नऊ तास थांबवून त्याची यंत्रे काढून घेण्यात आली. २०१६ मध्ये तेथील अपील न्यायालयाने म्हटले, की पत्रकारितेच्या सामग्रीला या कायद्यात पुरेसे संरक्षण नाही. मिरांडाजवळ चोरटा माल नव्हता. होते ते कागद. १९०९ ची गोष्ट येथे नव्या वेष्टनात परत आली, इतकेच.

आपल्याकडे राहून गेलेली गोष्ट एकोणसत्तर वर्षांनी अंशतः परत मिळाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. १९५४ चा निर्णय त्यापुरता रद्द झाला. या पीठावर धनंजय चंद्रचूड व शरद बोबडे हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. चंद्रचूडांनी लाहिरींची सूचना व करीमुद्दीन यांची दुरुस्ती यांचा इतिहास आपल्या निकालपत्रात मांडला, आणि त्याच निकालपत्राने १९७६ च्या आणीबाणीतील जो निर्णय मोडीत काढला, त्यात बहुमताच्या बाजूने त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. खाजगीपणावर घाला घालावयाचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटी तेव्हापासून आपल्या कायद्याचा भाग आहे. संकेतशब्द सांगण्याची सक्ती करता येईल का, हाही प्रश्न याच्याशी निगडित आहे. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी बोटाचा ठसा व मनातील माहिती यांत भेद केला होता: ठसा घेणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे. पण ज्या यंत्राचे कुलूप बोटानेही उघडते व मनातील शब्दानेही, त्याच्यापुढे हा भेद फारच अपुरा वाटू लागतो.

असे असूनही सीमेवरील यंत्रझडतीसाठी स्वतंत्र व तपशीलवार नियम आपल्या सीमाशुल्क अधिनियमात नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पत्रकारांची यंत्रे जप्त करण्यासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सरकारला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. ती कशी असावीत याचा शोध घेण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच इतिहासात त्यांचे घटक विखुरलेले आहेत. यंत्र हातात घेऊन ते खरोखरच यंत्र आहे की सोन्याचा डबा, एवढे पाहणे ही पेटीची झडती. ती अधिकाऱ्याने खुशाल करावी. आतील मजकूर वाचणे ही घराची झडती होय. तिला १८७८ मध्ये जसे न्यायदंडाधिकाऱ्याचे वॉरंट लागे तसे आजही लागावे. संशयाचे कारण आधी लिहिले जावे. काय पाहिले, कशाची प्रत घेतली, ती केव्हा नष्ट होईल, याचा पंचनामा होऊन त्याची एक प्रत प्रवाशास मिळावी. वकील, वैद्य व पत्रकार यांच्या कागदांना वेगळे संरक्षण असावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांच्या झडतीचे दृक्श्राव्य चित्रण आवश्यक केलेच आहे. तो तिसरा डोळा सीमेवरच्या मेजापर्यंत आणणे अवघड नाही.

हे सर्व आपल्यासाठी परक्याचे प्रश्न नाहीत, हे शेवटी सांगितले पाहिजे. या मासिकाचे वाचक बहुतेक सरकारी सेवेतील आहेत. आपल्यापैकी कोणी सीमाशुल्कात आहे, कोणी आयकरात, कोणी पोलीस खात्यात, कोणी रेल्वेत. मेजाच्या एका बाजूला आज आपण बसतो. आणि परदेशी असलेल्या मुलाकडे जाण्यासाठी निघालो, की त्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूला, हातात पासपोर्ट घेऊन उभे राहतो. तेव्हा समोरच्या तरुण अधिकाऱ्याच्या सौजन्यावर सारे अवलंबून असते, हे जाणवून घशास कोरड पडते. सौजन्य हा मोठा गुण आहे. परंतु ज्याच्या जोरावर दुसऱ्याने निश्चिंत राहावे असा तो आधार नव्हे. १९५० साली दोन सरकारांनी नाक्यावर परक्याचा माणूस उभा करण्याचे कबूल केले, ते आपले अधिकारी दुष्ट आहेत म्हणून नव्हे. चांगल्या अधिकाऱ्यालाही पाहणारे कोणी असावे, आणि ते त्याच्याही हिताचे असते, म्हणून.

सियालदहहून गेदेची लोकल आजही सुटते. तिच्यातून जाणाऱ्या भाजीवाल्यांना, कारकुनांना व विद्यार्थ्यांना सीमेशी काही कर्तव्य नसते. बहुतेक जण राणाघाटच्या अलीकडे-पलीकडे उतरून जातात. गेदेला मात्र गाडी थांबते ती थांबतेच. रूळ पुढे गेलेले दिसतात, पण गाडी पुढे जात नाही. स्थानकातून बाहेर पडल्यावर मराठा खंदकावरून गेलेला रस्ता लागतो, आणि मनात येते, की भीतीने खणलेले खंदक केव्हा ना केव्हा बुजतात. पण तोवर त्यांच्या काठावर उभ्या केलेल्या पहारेकऱ्याला काय पाहता येईल आणि काय नाही, हे ज्याचे त्याने नव्हे, तर सर्वांनी मिळून, आधी आणि लेखी ठरवून ठेवलेले बरे.